रिकाम्या टँकरची तपासणी

परवा आमचे जावई गाडी घेऊन सोलापूरहून आले ते चेहरा पाडूनच. स्टेअरिंगपुढच्या काचेमागं इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला होता. सोलापुरातल्या गॅरेजवाल्यानं गाडीला कॉम्प्युटर जोडला. त्यानं सांगितलं, ऑक्सिजन सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष. सेन्सर बदलला, दिवा विझला. तामलवाडी मागं पडली आणि दिवा परत लागला. आता दुसरा सेन्सर बदलायचा म्हणत होते.

हा ऑक्सिजन सेन्सर म्हणजे धुराच्या नळीत खुपसलेलं एक बोंड. जळून बाहेर पडणाऱ्या धुरात हवा किती उरली ते ते हुंगतं आणि वायरीतून आतल्या कॉम्प्युटरच्या पेटीला कळवतं. मी जावयांना म्हटलं, "कॉम्प्युटर 'सर्किट' म्हणाला ना? बोंड म्हणाला नाही. बोंडापासून आतल्या पेटीपर्यंतची वायर कुणी बोटानं चाचपली का?" कुणीच चाचपली नव्हती. मी अंगणात पोतं अंथरलं, वयाला न शोभणाऱ्या रीतीनं गाडीखाली सरकलो. वायर तापलेल्या सायलेन्सरला टेकून वितळली होती. ती बांधून वर घेतली. दिवा अजून लागलेला नाही.

जावई म्हणाले, "मामा, तुम्हाला बरं कळलं."

मला हे कळलं त्याची किंमत दुसऱ्याच माणसानं मोजली होती. ती गोष्ट मी आजवर कुठं लिहिली नाही. आज लिहितो.

नळदुर्गला हायवेच्या कडेला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. पाटीवर 'ऑटो इलेक्ट्रिक वर्क्स' होतं, पण लोक 'कांबळे वायरमन' म्हणूनच विचारत यायचे. हैदराबादचे ट्रक, सोलापूरचे टेम्पो, लग्नाच्या जीपा. एका नवरदेवाची जीप आली होती, डावीकडं वळली की हॉर्न वाजायचा आणि थांबायचंच नाव घ्यायचा नाही. वऱ्हाड हसत होतं, नवरदेव घामाघूम. असल्या कामांत मजा असायची. वायरीचा दोष हा असा नमुनेदार असतो. तो आपल्यासमोर कधी येत नाही, गिऱ्हाईक एकटं सापडलं की येतो.

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराची गोष्ट. सलग कोरडी वर्षं चालली होती. तालुक्याच्या सहकारी संघाचा एक जुना ट्रक होता, खताची पोती वाहणारा. त्यावर लोखंडी टाकी बसवून टँकर केला होता. नळदुर्गजवळच्या एका विहिरीवर भरायचा आणि लोहाऱ्याच्या बाजूच्या गावांना पाणी द्यायचं. त्यावर ड्रायव्हर होते रसूलमामू. पन्नाशी ओलांडलेले, दाढी पांढरी, बोलणं आमच्याकडच्या मुसलमानांचं, अर्धं मराठी अर्धं दखनी. पूर्वी एका मालकाकडं असताना त्यांच्या हाताखाली इंजिन तापून जाम झालं होतं आणि नोकरी गेली होती. तेव्हापासून गाडी चालवताना त्यांचा एक डोळा रस्त्यावर आणि एक डोळा काट्यावर.

काटा म्हणजे इंजिनातलं पाणी किती तापलं ते दाखवणारा. इंजिनाच्या पाण्यात पितळेचं एक बोंड बुडवलेलं असतं. पाणी तापलं की ते वीज जास्त सोडतं आणि काटा लाल रेघेकडं चढतो. बोंडापासून काट्यापर्यंत एकच वायर. ती वाटेत कुठं लोखंडाला टेकली, तरी काटा उडून लाल रेघेवर जातो, पाणी गार असलं तरी. म्हणजे काटा वर गेला की दोनच शक्यता. एक तर इंजिन खरंच तापलंय, नाही तर वायर खोटं बोलतेय.

मामू पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, "मिस्त्री, चढाला लागलं की काटा सर्रदिशी वर जातो. म्या गाडी बंद करून थांबतो. खरं हाय का खोटं, तेवढं सांगा. दुसरं काय नको."

मी बोंडावरची वायर उपसली, काटा खाली. वायर इंजिनाला टेकवली, काटा वर. सगळं जिथल्या तिथं. अर्धा तास इंजिन चालू ठेवलं, काटा मध्यावर शांत. मामूंना पाठवून दिलं.

चार दिवसांनी परत आले. मी सोलापूरहून नवं बोंड आणवून बसवलं, स्वतः ट्रक हायवेवर पळवून आणला. काटा हलला नाही. "मामू, आता बिनघोर जावा," म्हणालो. ते गेले, पण बिनघोर दिसले नाहीत.

त्यानंतरच्या आठवड्यात जे झालं ते मला हायवेवरच्या चहाच्या टपरीवर कळलं. लोहाऱ्याच्या अलीकडं एक गाव आहे. नाव लिहीत नाही, ती माणसं अजून आहेत. तिथं टँकर सकाळी पोचायचा, तो दुपार कलल्यावर पोचू लागला. बायका घागरी घेऊन उन्हात बसलेल्या. कुणी तरी बघून आलं की टँकर चढाच्या पायथ्याला उभा होता, खाली रस्ता ओला होता. टाकीच्या तोटीतून गळायचं, त्याची ती ओल. पण बातमी उठली की मामू वाटेत ढाब्यावाल्यांना पाणी विकतो. त्या दिवशी टँकर पोचला तसं लोकांनी मामूंना खाली ओढलं. सदरा फाडला. सोजरबाई म्हणून एक म्हातारी होती, तिनं सगळ्यांसमोर तोंड भरून शिव्याशाप दिले. तिची सून उन्हात रांगेतच भोवळ येऊन पडली होती.

दुसऱ्या दिवशी संघाच्या सेक्रेटरींचं मला बोलावणं आलं.

इथं मला माझ्याविषयी थोडं सांगितलं पाहिजे. आमचं घर बौद्ध. वडिलांनी जन्मभर दुसऱ्यांच्या रानात काम केलं. त्याच संघाच्या ऑफिसात बियाणाच्या चिठ्ठीसाठी ते कैक वेळा गेले, आणि दर वेळी दाराच्या चौकटीबाहेर उभे राहून परत आले. मी गेलो तर सेक्रेटरी म्हणाले, "या कांबळे, बसा." खुर्ची पुढं केली. कपबशीतून चहा आला. मला चहाची चव आठवत नाही, खुर्चीचा वेत आठवतो.

"गाडी तुम्ही दोनदा तपासली?"

"होय साहेब."

"काही दोष?"

"मला तरी दिसला नाही."

"मग तसं लिहून द्या. तुम्ही जाणकार माणूस. तुमचा कागद चालेल."

कुणी माझा कागद मागायची ती पहिलीच वेळ. मी चांगल्या अक्षरात लिहिलं: 'ट्रक तपासला. दोष नाही.' खाली सही केली, तारीख घातली. सेक्रेटरींनी तो मोठ्यानं वाचला, तेव्हा मला समजलं की दाराबाहेर कुणी तरी उभं आहे. मामू होते. फाटलेला सदरा शिवून घातलेला.

"ऐकलंत?" सेक्रेटरी त्यांना म्हणाले. "गाडीत दोष नाही. मग तुम्ही रस्त्यात का थांबत होतात, ते समितीपुढं सांगा. तोवर कामावर यायचं नाही."

मामूंनी त्यांच्याकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघून विचारलं, "मिस्त्री, तुमी भरल्या गाडीत चढाला माझ्यासंगं बसलाव का?"

मी कप उचलला. चहा संपवून उठलो.

घरी वडिलांना खुर्चीचं सांगितलं. ते खूष झाले, दोनदा विचारलं, "हात्याची खुर्ची का साधी?" मी हात्याची म्हणालो. भाकरी पुढं आली आणि तेव्हा मला मामूंचा प्रश्न आठवला. दोन्ही वेळा ट्रक माझ्या दारात आला तो रिकामा. मी पळवला तो सपाट हायवेवर. मामू पहिल्या वाक्यात 'चढाला' म्हणाले होते आणि मी ते ऐकलंच नव्हतं.

दोन दिवसांनी डिझेल पंपावर टँकर दिसला. नव्या ड्रायव्हरचं नाव वसंत. तामलवाडीचा, पंचविशीचा, लग्न नुकतंच झालेला. आधी ट्रॅक्टर चालवायचा.

मी विचारलं, "काटा वर जातो का रं?"

"जातो की," तो हसत म्हणाला. "रोज जातो. पर सेक्रेटरीसाहेब म्हणले, वायरमननं लिहून दिलंय, गाडीत दोष न्हाय. काटा येडा हाय, त्याच्याकडं बघूच नगं. म्हून म्या हे केलंय." आणि त्यानं दाखवलं. काट्यावर वर्तमानपत्राचा तुकडा खळीनं चिकटवला होता.

काटा खोटा आहे असं मी म्हटलंच नव्हतं. मला दोष दिसला नाही एवढंच खरं होतं, आणि त्याचा अर्थ आता असा झाला होता की भरलेला टँकर आंधळा चालला होता. त्या गावाच्या तोंडाशीच तीव्र चढ आहे. टँकरचा आवाज आला की बायका-पोरं खाली धावत येतात आणि तोटीतलं गळतं पाणी धरायला घागरी घेऊन टाकीच्या मागंमागं चढतात. इंजिन खरंच तापून त्या चढावर जाम झालं तर ती टाकी मागं येणार होती. मागं कोण असणार ते मला माहीत होतं. खाली सही माझी होती.

मी म्हटलं, "वसंत, उद्या मी तुझ्यासंगं येतो. भरून."

सकाळी विहिरीवर टाकी भरली. मी केबिनमध्ये बसलो आणि पहिल्यांदा तो कागद नखानं खरवडून काढला. काटा मध्यावर. सपाट रस्त्याला मध्यावरच. वसंत त्याच्या बायकोचं काही तरी सांगत होता, मला एक शब्द लागत नव्हता. आवाज ऐकू का वास घेऊ का काटा बघू, असं झालं होतं. इंजिनाच्या तापलेल्या तेलाचा वास नेहमीचाच, पण त्या दिवशी तो मला जास्त वाटत होता.

गावाआधी एक छोटा चढ लागतो. वसंतनं गिअर खाली घेतला. इंजिन कण्हलं आणि काटा खरंच सर्रदिशी उडाला, लाल रेघेच्या पार.

"बघा," वसंत म्हणाला. "येडाय. जाऊ का तसंच?"

खोटा असेल तर जायला हरकत नव्हती. खरा असेल तर पुढच्या मोठ्या चढावर... "थांब. हातब्रेक ओढ. चाकाला दगड लाव. इंजिन मात्र बंद करू नको."

तो दगड लावायला उतरला, मी काट्याकडं बघत राहिलो. आणि काटा खाली आला. दोन-चार श्वासांत, सरळ मध्यावर.

मी वेड्यासारखा बघत बसलो. तापलेलं पाणी असं निवत नाही. चुलीवरचं पातेलं खाली उतरवलं तरी कितीतरी वेळ लागतो. खरंच तापलं असतं तर काटा तिथंच राहिला असता. आणि हे मामूंना कधी दिसलं नाही, कारण ते बिचारे भीतीनं आधी चावी बंद करायचे. चावी बंद केली की काटा पडतोच. इंजिन वाचवायची त्यांची काळजीच त्यांचा पुरावा झाकत होती.

म्हणजे वायर. पण कुठं? उभ्या गाडीत ती टेकत नव्हती. मी खाली उतरून बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि वसंतला परत केबिनमध्ये बसवून सांगितलं, "पाय ब्रेकवरच ठेव, गिअर टाक, क्लच जरा जरा सोड." त्यानं सोडला, तसं इंजिन एका अंगाला कललं. जोर लागला की ते रबरांवर असं कलतंच. कलताना बोंडावरची वायर ताणली गेली. ती वायर इंजिनाकडून केबिनच्या पत्र्याच्या भोकातून आत जाते. भोकाला रबराची कडी असते, वायर घासू नये म्हणून. ती कडी वाळून, चिरून कधीच गळून पडली होती. पत्र्याच्या धारेवर वायर घासून तांबं उघडं पडलं होतं. किती? माझ्या करंगळीच्या नखाएवढं.

"काटा?" मी ओरडलो.

"वर गेला!"

"क्लच दाब."

"खाली आला!"

आम्ही तीनदा करून बघितलं. तिसऱ्यांदा मला उगीचच हसू फुटलं आणि मग हसू थांबलं. नखाएवढ्या तांब्यापायी एका माणसाला भर गावात ओढलं होतं, आणि मी खुर्चीवर बसून 'दोष नाही' लिहिलं होतं.

उघड्या तांब्याला टेप गुंडाळली. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून भोकाला रबर केलं. मोठा चढ चढताना काट्यावरची नजर मी काढली नाही. तो मध्यावरच राहिला. मागं बायकांचा गलका ऐकू येत होता, घागरींचा आवाज येत होता. टँकर वर पोचून सपाटीला लागला.

तोटी सोडायच्या आधी मी केबिनच्या पायरीवर उभा राहिलो. भाषण मला येत नाही. म्हणालो, "मी नळदुर्गचा वायरमन. टँकर थांबत होता तो गाडीच्या दोषानं. रसूलमामूंनी पाणी विकलं नाही. दोष मला सापडला नव्हता आणि दोष नाही असं मी लिहून दिलं."

सोजरबाई पुढं आली. "त्यानं इकलं न्हाय?"

"न्हाय."

"आन तू न बघताच लिव्हलंस?"

"बघितलं, पर रिकामी गाडी बघितली."

तिनं हातातली घागर खाली ठेवली. मग म्हणाली, "म्या त्याच्या लेकराबाळाला शाप दिलेत रं. त्याला घिऊन ये हितं. तू न्हाय आलास तरी चालंल, त्याला आण."

घरी येऊन वडिलांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते म्हणतील जाऊ दे. ते म्हणाले, "बसून लिव्हलंस न्हवं? मग उद्या जा, आन उभ्यानं सांग, चुकलं म्हणून."

सेक्रेटरींनी परत खुर्ची दाखवली. मी बसलो नाही. दुसरा कागद पुढं ठेवला: काय दोष होता, कुठं होता, कशानं दिसत नव्हता.

त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "यातला खोटा कुठला?"

"पहिला अपुरा होता साहेब. भरून तपासायला पाहिजे होता. चूक माझी आहे."

"कांबळे, अशानं तुमच्या कागदाला उद्या कोण विचारील?"

खरंच कुणी विचारलं नाही. संघाच्या गाड्या पुढं कैक दिवस माझ्याकडं आल्या नाहीत. पण दुसरा कागद त्यांना समितीपुढं ठेवावा लागला, कारण वसंतनं मी काय केलं ते पंपावर, टपरीवर, सगळीकडं सांगून टाकलं होतं. मामूंना परत घ्यायचं ठरलं. त्यात वसंतची ती थोड्या दिवसांची नोकरी गेली, आणि ती मी घालवली हेही माझ्या मनात आहे. तो मात्र हसतच तामलवाडीला गेला.

मामूंच्या घरी मी सेक्रेटरींकडून निघालो तसा थेट गेलो. ते बाजेवर पडून होते. माझं सगळं सांगून झालं, माफी मागून झाली. ते आढ्याकडं बघत होते. मग वायरमनला वायरमननं विचारावं तसं विचारलं, "कुठं होती उघडी?"

"पत्र्याच्या भोकात."

"किती?"

मी करंगळीचं नख दाखवलं. ते उठून बसले, माझा हात हातात घेऊन ते नख बघितलं आणि म्हणाले, "इत्ती?" मला त्यांनी माफ केलं का नाही, हे मला त्या दिवशी कळलं नाही.

त्यानंतर मी कुणालाही 'दोष नाही' असं लिहून दिलं नाही. 'मला आढळला नाही' असं लिहायचो, आणि गाडी कशी तपासली तेही लिहायचो. लोक हसायचे.

मामू कामावर परतले त्या सकाळी दुकानापुढं हॉर्न वाजला. भरलेला टँकर होता. "बसा," एवढंच म्हणाले. मी शेजारी बसलो. चढाला लागलो तसं त्यांचं लक्ष काट्याकडं आणि माझं त्यांच्याकडं. स्टेअरिंगवरची बोटं पांढरी पडली होती. काटा हलला नाही. चढ संपला तरी त्यांनी बोटं सैल केली नाहीत.

गावात त्या दिवशी कुणी धावत आलं नाही. बायका रांगेतच उभ्या होत्या. मामू उतरले आणि दाराला पाठ लावून उभे राहिले, परत कुणी ओढील की काय असे. सोजरबाईनं तोटीचं पहिलं पाणी तांब्यात धरलं आणि त्यांच्यापुढं आली. डोक्यावरचा पदर सावरून म्हणाली, "मामू, आदी तुमी प्या. मंग आमी भरू."

मामूंनी तांब्या हातात घेतला. पाण्याकडं बघितलं. "माय, रोजा हाय माझा," ते म्हणाले. "रमजान लागून पंधरा दिस झाले."

सोजरबाईला आधी उमगलं नाही. कुणी तरी मागून सांगितलं, दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाहीत ते. मी मनातल्या मनात दिवस मोजले. ज्या दुपारी त्यांचा सदरा फाडला, त्या दुपारीही रोजाच होता. चढाच्या पायथ्याला उन्हात भरल्या टाकीशेजारी ते तासन्‌तास उभे राहायचे ते तसेच, कोरड्या तोंडानं. म्हातारीनं पदर तोंडाला लावला.

मामूंनी तांब्या खाली ठेवला नाही. ते माझ्याकडं वळले आणि तो माझ्या हातात दिला. "मिस्त्री, तुमी प्या."

सगळं गाव बघत होतं. मी तांब्या तोंडाला लावला, आणि मामूंच्या कोरड्या ओठांकडं बघत तो पहिला घोट घेतला.